अकरा ते एकतीस मिनिटे

कल्पना करा, तुम्हाला एक सोपं काम दिलं आहे. पस्तीस हजार फुटांवर एका मऊ खुर्चीत बसायचं. समोर काच आणि काचेतून येणारं दुपारचं ऊन थेट मांडीवर. कानात एकसारखी घरघर. तान्ह्या बाळाला झोपवायला याहून चांगला आवाज अजून कोणी शोधलेला नाही. विमान आपलं आपण चाललं आहे. त्याला तुमची गरज पडली तर ते तसं सांगेल. पहाटे तीनला उठून तुम्ही आज तीनदा उडालात, तीनदा उतरलात आणि ही चौथी खेप आहे. मागे एकशे ऐंशी माणसं बसली आहेत. तुमचं काम एवढंच, की काहीही न करता जागं राहायचं.

जमेल? मग कंपनीकडे अर्ज करा. लवकरच बऱ्याच जागा निघणार आहेत.

हे काम सव्वीस वर्षं करणाऱ्या एका कॅप्टनला त्याचे सहकारी तराजू म्हणत. समोर दोन गोष्टी आल्या की त्या तोलल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. हॉटेलात लिफ्टने जावं की जिन्याने, यावर विचार करता करता त्याने एकदा लिफ्टही घालवली होती आणि जिन्याचं दारही बंद होऊ दिलं होतं. त्याची बायको सांगे, की लग्नाचं हो-नाही तोलायला त्याने सात महिने घेतले आणि शेवटी कंटाळून निकाल तिनेच जाहीर केला.

अशा माणसाला वैमानिक संघटनेने काम दिलं, की संपावर जाण्याचे धोके आणि फायदे यांचा एक तक्ता करून आण.

संपाचं कारण साधं होतं. दोन ड्युट्यांमधली विश्रांती कंपनीने बारा तासांवरून दहा तासांवर आणली होती. परिपत्रकाचा मथळा होता, ‘आपल्या विश्रांतीची नवी सुरुवात’. हे दहा तास मोजायचे इंजिन बंद झाल्यापासून. म्हणजे प्रवासी उतरवणं, कागद भरणं, हॉटेलच्या गाडीची वाट बघणं, हॉटेलात खोली तयार नसणं, आंघोळ, जेवण आणि सकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने, ही सगळी विश्रांतीच. उरलेल्या साडेचार तासांत कोणाला झोपायचं असेल तर कंपनीची हरकत नव्हती. उलट तिने प्रत्येकाला मानेखाली घ्यायची फुगवायची उशी भेट दिली. तिच्यावर छापलं होतं, ‘तुमची झोप, आमची काळजी’. तराजूची काळजी पहिल्याच फुंकरीला शिवणीत उसवली.

त्याने तक्ता केला. डावीकडे धोके, उजवीकडे फायदे. प्रत्येक धोक्यापुढे दोन रकाने, घडण्याची शक्यता आणि तीव्रता, अगदी कंपनीच्या सुरक्षा पुस्तकात असतात तसे. डावीकडे चौदा ओळी झाल्या. उजवीकडे तो तीन दिवस बघत बसला आणि शेवटी एकच शब्द लिहिला: झोप.

त्या एका शब्दामागे काय आहे, ते त्याने कुठेच लिहिलं नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. चौथी खेप, दुपारची वेळ. शेजारी को-पायलट होता, ज्याला सगळे इस्त्री म्हणत, कारण चौदा तासांच्या ड्युटीनंतरही त्याच्या शर्टाची घडी मोडत नसे. तराजूच्या हातात चहाचा कागदी कप आला तेव्हा घड्याळात दोन एकवीस झाले होते. दोन घोट घेतल्याचं त्याला आठवतं. त्यानंतर कानात जमिनीवरच्या कंट्रोलरचा आवाज आला. तो आवाज पहिल्यांदा हाक मारणाऱ्याचा नव्हता. बराच वेळ दार वाजवणाऱ्याचा होता. तराजूने डोळे उघडले. शेजारी इस्त्रीची हनुवटी छातीवर टेकली होती, टाय मात्र सरळ होता. घड्याळात दोन बावन्न.

“सगळं ठीक?” कंट्रोलरने विचारलं.

“ठीक,” तराजू म्हणाला.

इस्त्री जागा झाला, बाहेर बघत म्हणाला, “आज ऊन फार आहे नाही?” एवढ्यावर तो विषय संपला. दर अर्ध्या तासाला इंधनाचा आकडा लिहायचा असतो. अडीचची चौकट रिकामी राहिली होती. इस्त्रीने ती सुबक अक्षरात भरली. आकडा खरा नव्हता, पण अक्षर फार छान होतं.

तेव्हापासून तराजूच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. दोघेही झोपलेले असताना विमान किती वेळ एकटं उडत होतं? जास्तीत जास्त एकतीस मिनिटं, हा घड्याळाचा हिशेब. पण कमीत कमी किती? डोळे उघडले तेव्हा चहा थंडगार होता आणि त्यावर साय धरली होती. म्हणून त्याने घरी कॉकपिटइतका गारवा ठेवून, तसाच कागदी कप आणून, तीनदा चहा ओतला आणि घड्याळ लावून तो थंड होताना बघत बसला. बायको एका इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. असले प्रयोग तिने रोज पाहिले होते, पण चहावर नाही.

“अहो, प्यायचा नसेल तर सांगा. त्याच्याकडे असं बघू नका, त्याला लाज वाटत असेल.”

प्रयोगाचा निष्कर्ष निघाला अकरा मिनिटं. म्हणजे अकरा ते एकतीस. नेमका आकडा विमानातल्या नोंदयंत्रात होता. कोणती कळ कधी दाबली, हे ते यंत्र सेकंदासकट टिपतं आणि ती नोंद कंपनीच्या कार्यालयात जाते. फक्त जाऊन विचारायचं. अडचण इतकीच, की विचारायच्या आधी कबूल करावं लागलं असतं.

तक्ता जेवणाच्या टेबलावर पडला होता. तो त्याच्या मुलीने वाचला. ती त्याच कंपनीत को-पायलट होती, लागून जेमतेम सात महिने झालेले, म्हणजे प्रोबेशन संपायला अजून पाच महिने. प्रोबेशनवरचं कोणी संपात दिसलं तर त्याच दिवशी काढून टाकू, असं कंपनीने ठळक अक्षरांत कळवलं होतं.

“बाबा, मी आठव्या ओळीत आहे?”

“क्रमाला अर्थ नाही. सुचलं तसं लिहिलं.”

“सातव्या ओळीत पार्किंगचा पास रद्द होणे आहे. म्हणजे मी पार्किंगनंतर सुचले.”

“तसं नाही गं.”

“आणि तीव्रता मध्यम?”

“तीव्र म्हणजे जीवितहानी. पुस्तकातली व्याख्या आहे.”

“बरोबर. मला फक्त नोकरीवरून काढणार, गोळी नाही घालणार. मध्यमच.”

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “या घरातली तीव्रता मला विचारून ठरवत जा.”

मुलीने बोट उजव्या बाजूला नेलं. “आणि फायद्यात नुसतं झोप? बाबा, हे वाचून लोक हसतील. काही घडलं असेल तर ते लिहा ना. घडलंय का काही?”

“काही नाही,” तराजू म्हणाला. विमान हादरे खात असतानाही ज्या थंड आवाजात तो प्रवाशांना पट्टे बांधायला सांगतो, त्याच आवाजात म्हणाला. मुलगी हाच आवाज काढायला दोन वर्षं पैसे भरून शिकली होती. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“त्या चहाचं सांगा की तिला,” आई म्हणाली.

तराजूला अचानक पार्किंगच्या पासाची तीव्रता पुन्हा तपासावीशी वाटली.

संघटनेची सभा टायरच्या दुकानावरच्या एका शिकवणी वर्गात भरली. बासष्ट वैमानिक शाळकरी मुलांच्या बाकड्यांत कोंबून बसले. त्यातल्या निम्म्यांनी बसताच कमरेशी हात नेऊन पट्टा शोधला. मागे खिडकीपाशी प्रोबेशनवरची मंडळी उभी होती. त्यांना मताचा अधिकार नव्हता. संपात सामील व्हायचं की नाही, हे संघटनेने ‘त्यांच्या विवेकावर’ सोडलं होतं. म्हणजे संपावर गेले तर नोकरी गेली आणि कामावर गेले तर पुढची तीस वर्षं कॅन्टीनमध्ये त्यांच्याशेजारी कोणी बसणार नाही. एवढं स्वातंत्र्य संघटनेने आजवर कोणाला दिलं नव्हतं.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्यांचा आवाज असा होता, की घराला आग लागली असं जरी ते म्हणाले तरी ऐकणाऱ्याला वाटावं, बाहेर हवामान प्रसन्न आहे. त्यांनी तराजूला बोलावलं. तराजूने चौदा धोके वाचले. सभा गंभीर होत गेली. मग त्याने फायदा वाचला.

आधी कोणी हसलं नाही. मग पुढून एक जण म्हणाला, “झोप? अरे, झोपेसाठी संप? उद्या पेपरवाले लिहितील, पायलटांना झोप हवी, प्रवाशांनी जागं राहावं!”

आता सगळेच हसले.

“तराजू, अरे एखादा प्रसंग सांग. काही घडलंय का कोणाच्या बाबतीत?” अध्यक्षांनी विचारलं.

बासष्ट माणसांनी एकदम आपापल्या बुटांकडे बघितलं. त्या बुटांना इतकं निरखून कधी कोणी पाहिलं नसेल. तिसऱ्या बाकावर इस्त्री पँटची न मोडलेली घडी बोटांनी सरळ करत होता. तराजूने मागे खिडकीकडे पाहिलं. मुलगी त्याच्याकडेच बघत होती. सांगितलं तर सभा जिंकली असती. आणि परवाना गेला असता, इस्त्रीचाही गेला असता, शिवाय मुलीच्या नावापुढे जन्मभर लागलं असतं, की ती झोपलेल्या कॅप्टनची मुलगी.

“तसं काही नाही,” तो म्हणाला आणि बसला.

ठराव पडणार हे दिसत होतं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, “आणि ते ऑम्लेटचं काय झालं?”

कॉकपिटमध्ये मिळणारं गरम ऑम्लेट बंद करून कंपनीने प्लास्टिकमधलं गार सँडविच सुरू केलं होतं. सभा उसळली. सँडविचमधल्या ब्रेडबद्दल चार भाषणं झाली आणि त्यातलं एक करताना वक्त्याचा गळा खरोखर दाटून आला. मतदान झालं. बाजूने एक्कावन्न, विरुद्ध अकरा. संप मंगळवारी सकाळी सहापासून. तराजूने बाजूने हात वर केला. वर केलेला हात कोणत्या कारणासाठी आहे, हे सुदैवाने कोणी विचारत नाही.

संपकऱ्यांसाठी सूचनापत्रक लिहायचं कामही त्यालाच मिळालं. त्याने सतरा सूचना लिहिल्या. पहिली अधोरेखित होती: कंपनीचा कोणताही संदेश आल्यास उत्तर देऊ नये.

मंगळवारी सात वाजून दहा मिनिटांनी तो दात घासत होता. फोन वाजला. कंपनीच्या ॲपवर ड्युटी आली होती. खाली दोन बटणं असतात. एक हिरवं, ताटाएवढं: ‘स्वीकारले’. दुसरं करडं, तिळाएवढं: ‘नकाराचे कारण सांगा’.

वैमानिकाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवलेली असते. सूचना कानावर पडली की आधी पोच द्यायची. खालचा माणूस म्हणाला इतक्या उंचीवर या, की तीच उंची त्याला परत म्हणून दाखवायची, विचार नंतर. सव्वीस वर्षांत तराजूच्या हे हाडीमांसी भिनलं होतं. बायको दूध आणा म्हणाली तरी तो म्हणे, “दूध, एक लिटर.” तर फोन वाजला आणि तराजूचा अंगठा आयुष्यात कधी नव्हे ते काही न तोलता हिरव्या बटणावर पडला.

‘धन्यवाद. आपण ड्युटी स्वीकारली आहे. हजेरी दहा वाजता. चार खेपा.’

तोंडात ब्रश तसाच राहिला. एकदा स्वीकारलेली ड्युटी सोडणं म्हणजे संप नव्हे. तो वेगळा गुन्हा, परवान्यावर लाल शेरा. आणि ड्युटीवर गेलं तर संपफोड्या. त्याने घाईघाईने संघटनेच्या ग्रुपवर पाहिलं. तिथे भलतीच शांतता होती. नंतर कळलं, की एक्कावन्नांपैकी चौदा जणांचे अंगठे असेच पडले होते. त्यात अध्यक्षांचाही होता. आपण तो प्रवाशांच्या सोयीसाठी दाबला असं त्यांनी पुढे निवेदन काढलं.

मग त्याने खालची ओळ वाचली. कॅप्टन म्हणून त्याचं नाव होतं आणि को-पायलट म्हणून त्याच्या मुलीचं. एरवी कंपनी बापलेकीला एका कॉकपिटमध्ये बसवत नसे. आज संगणकाकडे निवडायला माणसंच इतकी थोडी होती, की त्याने नात्यागोत्याचा विचार सोडून दिला होता.

मुलगी गणवेश घालून, बूट हातात घेऊन बाहेर आली.

“बाबा, तुम्ही स्वीकारलं दाबलंत?”

“अंगठ्याने दाबलं.”

“अंगठा तुमचाच ना?”

“तू का निघालीस?”

“मला मत नव्हतं, विवेक होता. तो रात्रभर वापरून बघितला. दोन्हीकडून मार बसणारच आहे, तर निदान उडून तरी घेते.” ती बूट चढवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तराजूला वाटलं, नाडी बांधतेय. मग त्याच्या लक्षात आलं, की तिचे हात थांबले आहेत.

“काय गं?”

“काही नाही. सलग पाचवा दिवस आहे ना. काल तिसऱ्या खेपेला उतरताना गाल आतून चावत होते, जागं राहायला. इस्त्रीदादाने युक्ती सांगितली. म्हणाला, गालच चावायचा, शर्टावर डाग पडत नाही.”

आई दारात उभी होती. “आमच्याकडे रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारीलासुद्धा आठ तासांवर थांबू देत नाहीत,” ती म्हणाली. “चिठ्ठी चुकेल म्हणून.”

दोघं एकाच गाडीतून निघाले. विमानतळाच्या फाटकाबाहेर सहकारी फलक घेऊन उभे होते. काही फलकांवर विश्रांती लिहिलं होतं, बऱ्याच फलकांवर ऑम्लेट. तराजूची टोपी दिसताच कोणीतरी ओरडलं, “बघा रे, तराजू झुकला!” त्याने मान खाली घातली. मुलीने घातली नाही.

आत हजेरीच्या खोलीत रोस्टरसाहेब हात पसरून पुढे आले. कोणी कधी उडायचं हे तेच ठरवत. स्वतः ते रोज सहाला घरी जात आणि आठ तास झोपत, तसं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं. शेजारी फोटोवाला उभा होता.

“वा कॅप्टन! बापलेक एका विमानात! फोटोखाली आपण लिहू, कुटुंब कंपनीच्या पाठीशी.”

मुलीने हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावला. हिरवा दिवा लागला, नोंद झाली. तराजूने अंगठा लावला नाही. तो कोपऱ्यातल्या संगणकापाशी जाऊन बसला आणि त्याने थकव्याचा फॉर्म उघडला.

हा फॉर्म कंपनीत सगळ्यांना माहीत होता आणि तो कोणीच खरा भरलेला नव्हता. चौथा प्रश्न होता: आपण यापूर्वी कॉकपिटमध्ये कधी नकळत झोपला आहात काय? आजवर ज्या कोणी तिथवर मजल मारली होती त्याने ‘नाही’ दाबलं होतं. त्या नोंदींप्रमाणे ही जगातली सर्वांत ताजीतवानी कंपनी होती.

तराजूने ‘हो’ दाबलं.

मुलगी मागे येऊन उभी राहिली होती. तिने वाचलं.

“तो चहा?” तिने विचारलं.

“हं.”

“दोघंही?”

“फॉर्ममध्ये फक्त माझं विचारलंय.”

“अहो बाबा, परवाना जाईल तुमचा.”

“आज तू हजर आहेस. नोंद झाली, मघाशी हिरवा दिवा लागला. कॅप्टन उडायला लायक नाही म्हणून विमान जागेवर उभं. यात तू कुठे संप केलास? आठवी ओळ खोडली.”

“आणि तुम्ही कितव्या ओळीत आहात?”

“मी तक्त्यात नव्हतोच.”

“तीव्रता?” तिने विचारलं. तिचा आवाज प्रवाशांना सांगण्याइतका थंड राहिला नव्हता.

“मध्यम.”

पुढची चौकट होती: झोपेचा कालावधी, मिनिटांत. तराजूने लिहिलं, अकरा ते एकतीस. फॉर्म लाल झाला. ‘कृपया एकच संख्या भरा.’ त्याने पुन्हा तेच लिहिलं. फॉर्म पुन्हा लाल झाला. आकड्याशिवाय तो पुढे सरकणार नव्हता आणि सरकला नाही तर कागदोपत्री कॅप्टन ठणठणीत होता.

रोस्टरसाहेब येऊन खांद्यावरून डोकावले आणि त्यांचं फोटोतलं हसू ओसरलं. “अहो, हे काय भलतंच? नाही दाबा आणि मोकळे व्हा. आपण घरची माणसं.”

“नाही दाबलं तर उडावं लागेल.”

“मग शून्य भरा.”

“शून्य मिनिटं झोपलो?”

“चालतं हो. फॉर्म घेतो शून्य.”

“मी नाही भरणार. खरा आकडा तुमच्याकडे आहे. सहा महिन्यांपूर्वीची नोंद, दुपारी दोन एकवीस ते दोन बावन्न. बघून सांगा.”

रोस्टरसाहेबांनी फोटोवाल्याला बाहेर जायची खूण केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, “ती नोंद गोपनीय आहे, कॅप्टन.”

“माझी झोप मलाच गोपनीय?”

“नियम आहे.”

“म्हणजे तुम्ही ती पाहिलीय.”

रोस्टरसाहेब टेबलावरची ती फुगवायची उशी उचलून पुन्हा तिथेच ठेवू लागले. बाहेर भोंग्यावर घोषणा झाली, की काही तांत्रिक कारणामुळे विमानाला उशीर होत आहे. तांत्रिक कारण खुर्चीत सरसावून बसलं. त्याच्या मुलीने त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“बरं, आकडा नका सांगू,” तराजू म्हणाला. “मी सांगतो, तुम्ही नुसती मान हलवा. अकरा, की एकतीस?”